क्रूझवर मोबाइलचं इंटरनेट : खिसा न कापता कसं जमवायचं?

खारीवावची_सून | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही आठ जण सिंगापूरहून क्रूझला निघतोय. चार रात्री, वाटेत पेनांग आणि फुकेत. ह्यांच्या निवृत्तीचं निमित्त. वन्सं आणि त्यांचे यजमान, मुलगा-सून, दोन नातवंडं अशी वरात आहे. तिकिटं निघाली, व्हिसाचं काम सुरू आहे. मला आता एकच घोर आहे, फोनचा.

सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत, त्या घरीच राहणार. दिवसा बेन (त्यांना सांभाळणारी बाई) असते, रात्री भाचा झोपायला येईल. रोज सकाळी सातला बेन त्यांची साखर तपासते आणि मीटरचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवते. मी डॉक्टरांच्या तक्त्यात बघून इन्शुलिनचे युनिट सांगते. मी घरात नसले, अगदी बडोद्याच्या मांडवीत भाजी घेत असले तरी हे असंच चालतं. समुद्रात काय करायचं?

तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं आली. ट्रॅव्हल एजंट म्हणतो, "जहाजावर वायफाय आहे ना मॅडम", आणि माणशी दिवसाला डॉलरमध्ये आकडा सांगतो. आठ माणसं गुणिले चार दिवस केलं तर त्यात नववं माणूस फिरून येईल. रावपुऱ्यातला मोबाइलवाला म्हणतो, "रोमिंग पॅक मारा, बधे (सगळीकडे) चालेल." भाचा म्हणतो ई-सिम घ्या, म्हणजे कार्डाशिवायचं, फोनमध्येच उतरवायचं सिम. आणि हे म्हणतात, "चार दिवस फोन बंद ठेवलास तर काय बिघडतं?"

कुणी स्वतः जाऊन आलेलं असेल तर सांगा.

लीलो_चिवडो | रात्री १०.१८

ह्यांचं बरोबर आहे. (पळतो.)

मांजलपूरकर | रात्री १०.४१

ताई, रावपुऱ्यातल्या त्या माणसाचं अजिबात ऐकू नका. माझी कहाणी ऐका.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं गेलो होतो. मी देशांची यादी वाचून रीतसर रोमिंग पॅक घेतला. यादीत सिंगापूर होतं, मलेशिया होतं, थायलंड होतं. मनात म्हटलं, झालं. जहाज सुटलं, फोन केबिनच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि जेवायला गेलो. तीन रात्री फोन त्या ड्रॉवरमध्ये पडून होता. मी त्यावर एक मेसेजसुद्धा केला नाही. पण तो बिचारा आतल्या आत राबत होता. बायकोने काढलेले सगळे फोटो ढगात (क्लाउडवर) चढवत होता.

घरी आल्यावर बिल आलं ११,७०० रुपये. पॅकचे वेगळे. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही मलेशियात नव्हतात, तुम्ही जहाजावर होतात." अहो, जहाज मलेशियात होतं ना! तर म्हणे ते वेगळं नेटवर्क असतं, पॅकमध्ये येत नाही. दोन महिने भांडलो, निम्मे पैसे परत मिळाले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अजून त्यांचंच सिम वापरतो. नंबर बदलायचा म्हणजे बँका, गॅस, आधार... कोण करणार.

खारीवावची_सून | रात्री १०.५५

बाप रे. म्हणजे जहाजाचं नेटवर्क आणि जहाजाचं वायफाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? मी आजवर एकच समजत होते.

निवृत्त_चीफ | १० नोव्हेंबर, सकाळी ६.३०

सूनबाई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होतो, एकतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. मालवाहू जहाजांवर होतो, तुमच्या त्या तरंगत्या हॉटेलांवर नाही, पण अँटेनाला प्रवासी आणि कोळसा यात फरक कळत नाही.

जहाजावर फोनला बाहेर पडायला तीन वाटा असतात.

पहिली वाट किनाऱ्यावरचा टॉवर. आपला नेहमीचा. बंदरात आणि किनाऱ्यालगत हा मिळतो. सिग्नल सरळ रेषेत जातो आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे टॉवर किती उंच आणि तुम्ही किती उंच यावर सगळं ठरतं. पाण्यापासून तीस मीटर उंचीच्या डेकवर उभे असाल तर तुमचं क्षितिज साधारण वीस किलोमीटरवर असतं. टॉवर पन्नास मीटरचा असेल तर त्याचं क्षितिज पंचवीस. दोन्ही मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरपर्यंत कागदावर तरी सिग्नल दिसतो. प्रत्यक्षात फोनची ताकद कमी पडते, आणि जुन्या जीएसएम (टू-जी) नेटवर्कला तर पस्तीस किलोमीटरची बांधलेली मर्यादाच होती. केबिनमध्ये बसून मात्र काही मिळणार नाही. चारी बाजूंनी पोलाद म्हणजे डब्यात ठेवलेला फोन.

दुसरी वाट जहाजावरचा स्वतःचा छोटा मोबाइल टॉवर. मांजलपूरकरांना चावला तो हा. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं, साधारण बारा सागरी मैल म्हणजे बावीस किलोमीटर, की हा चालू करतात आणि किनारा जवळ आला की बंद करतात. हा कुठल्याच देशाचा नसतो. याला आंतरराष्ट्रीय कोड आहे, ९०१. फोनवर 'सेल्युलर ॲट सी' किंवा 'टेलेनॉर मेरिटाइम' असलं नाव दिसतं. तुमचा फोन दूधखुळा आहे, टॉवर दिसला की जाऊन चिकटतो. मग प्रत्येक एमबी उपग्रहाच्या भावाने.

तिसरी वाट जहाजाचं वायफाय. हेही शेवटी उपग्रहावरूनच जातं, पण त्याचा हिशेब जहाज कंपनी आणि तुम्ही यांच्यात असतो. आपल्या सिमचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून फक्त वायफाय चालू ठेवलं तर सिमवर दमडीही पडत नाही.

म्हणून नियम एकच. दोर सुटले की एअरप्लेन मोड. ब्लूटूथ, वायफाय हवं तर परत चालू करा. 'डेटा रोमिंग बंद केलंय, बास' असं समजू नका. इनकमिंग कॉल उचललात तरी त्या दुसऱ्या वाटेवर पैसे पडतात.

लीलो_चिवडो | सकाळी ९.०२

चीफकाका, 'दूधखुळा फोन' हे मी चोरतोय.

फुकट_फौजदार | सकाळी ९.३०

आठ जणांना आठ वायफाय? कशाला! एकच प्लॅन घ्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये घेतलेलं वायफाय पुढे हॉटस्पॉटने वाटता येतं. एकाने घ्यायचं, सात जणांनी प्यायचं. पूर्ण मफत.

कमाटीबाग | सकाळी ९.४७

हे बहुतेक कंपन्यांच्या अटींविरुद्ध आहे. छोटा राउटर नेणं तर अनेक जहाजांवर निषिद्ध वस्तूंच्या यादीतच आहे, बॅग तपासताना काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. इस्त्रीबरोबर.

आणि तसंही, आठ जण एका नळावर बसले की कुणाचीच बादली भरत नाही.

फुकट_फौजदार | सकाळी ९.५५

राउटर म्हटलं का मी? फोन म्हटलं. वाचत जा.

कमाटीबाग | सकाळी १०.१०

वाचलं. अटी फोनलाही आहेत. चोरी छोट्या भांड्यातून केली म्हणून ती प्रसाद होत नाही.

सुरसागर_काठ | सकाळी ११.२०

भांडू नका, मधला मार्ग आहे आणि तो राजमार्ग आहे. एका उपकरणाचा प्लॅन बहुतेक जहाजांवर एका फोनमधून लॉगआउट करून दुसऱ्यात लॉगइन करता येतो. एका वेळी एक. आम्ही चौघांत एक घेतला होता आणि 'पाळी' लावली होती. लॉगआउट करायला विसरलात तर मात्र पुढचा शंख करत डेकवर शोधत फिरतो. आमच्या साडूंनी दोनदा तसं केलं.

दर जहाजागणिक वेगळे असतात. मोठ्या कंपन्यांत एका उपकरणाला दिवसाला साधारण पंधरा ते तीस डॉलर धरून चाला. आधी घरबसल्या घेतलं तर बहुधा स्वस्त, चढल्यावर घेतलं तर महाग. काहींकडे नुसत्या मेसेजचा हलका प्लॅन असतो. ताई, तुमचं काम त्यात भागावं.

आता ई-सिम. तुमचा भाचा हुशार आहे, पण अर्धाच. ई-सिम किनाऱ्यावरच्या टॉवरवर चालतं, भर समुद्रात नाही. सिंगापूर, मलेशिया, थायलंड मिळून एकच प्रादेशिक ई-सिम मिळतं, चार-पाच जीबीचं घ्या, खूप झालं. त्यात इंडोनेशिया असेल तर उत्तमच, कारण सिंगापूरसमोरच बाटम बेट आहे आणि तिथला टॉवर तुमच्या फोनला लांबूनच डोळा मारतो.

फोनमध्ये ई-सिम चालतं का ते आधी बघा. आयफोन असेल तर २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून पुढचे चालतात. घरूनच वायफायवर टाकून ठेवा, विमानतळावर बसून क्यूआर कोड स्कॅन करत बसू नका. आणि व्हॉट्सॲपने 'नंबर बदलायचा का?' विचारलं तर नाही म्हणा. तुमचं व्हॉट्सॲप बडोद्याच्याच नंबरवर चालू राहतं, नवीन सिम फक्त डेटा देतं.

अलकापुरी_लोकल | दुपारी १.१५

मलाक्काची सामुद्रधुनी अरुंद आहे हे विसरू नका. सिंगापूरजवळ तर फिलिप चॅनलमध्ये ती जेमतेम तीन किलोमीटर उरते. सुटल्यावर संध्याकाळचे काही तास डेकवर उभं राहिलं की सिग्नल येत-जात राहतो. आम्ही तेव्हाच सगळ्यांचे 'पोचलो, सुटलो, जेवलो' उरकून घेतले होते. तेव्हा फोन एअरप्लेनमधून बाहेर काढाल तर मूळ सिम बंद करून फक्त ई-सिम चालू ठेवा, आणि नेटवर्क हाताने निवडा. ऑटोमॅटिकवर ठेवलंत तर चीफकाकांचा दूधखुळा कुठेही जाईल.

वाकडी_वाट | दुपारी ३.४०

अवांतर : कुणाला एवढ्या लांब जायच्या आधी सराव करायचा असेल तर घोघ्याच्या फेरीबोटीने जाऊन या. हजीरा ते घोघा रो-पॅक्स २०२० पासून चालू आहे, गाडीसकट चढता येतं. खंभातचं आखात ओलांडताना मधे फोनचे दांडे कसे एकेक करून विझतात आणि समोरचा किनारा आला की कसे उगवतात, हे मुलांना दाखवायला छान. आमच्या चिरंजीवांनी वहीत वेळा लिहून काढल्या होत्या.

लीलो_चिवडो | दुपारी ३.५२

चिरंजीवांनी वहीत लिहिल्या की तुम्ही?

वाकडी_वाट | दुपारी ३.५८

वही त्याची, अक्षर माझं.

आजोबा_दांडियाबाजार | सायंकाळी ५.२५

धागा वाचून मौज वाटली. जहाजावरून निरोप धाडणं महाग असणं ही आजची गोष्ट नाही. १९१२ साली टायटॅनिकवरून प्रवाशाला बिनतारी तार करायची तर दहा शब्दांना साडेबारा शिलिंग मोजावे लागत. तरी हौशी लोकांनी इतक्या तारा दिल्या की ऑपरेटर त्या उरकण्यात बुडालेला होता, आणि दुसऱ्या जहाजाने बर्फाची सूचना दिली तेव्हा त्याने त्यालाच गप्प बसवलं. पुढचं सर्वांना माहीत आहे.

आणि आपले सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा विलायतेला गेले ते बोटीनेच. मुंबई-एडन-सुएझ अशी समुद्राखालची तार १८७० मध्येच पडली होती. म्हणजे तेव्हाही बोट एडनला लागली की तार करता येई, मधल्या समुद्रात मौन. वर सुरसागर_काठ यांनी सांगितलेलं ई-सिम म्हणजे तेच की : बंदरात बोला, पाण्यावर गप्प. दीडशे वर्षांत एवढीच प्रगती!

निवृत्त_चीफ | सायंकाळी ६.१०

आजोबा, नमस्कार. एक छोटी भर घालतो, प्रगती थोडी झाली आहे. जुने उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथे जाऊन परत यायचं आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने, यात प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद जातो. आम्ही घरी फोन करायचो तेव्हा बायको आणि मी एकदमच बोलायचो आणि एकदमच थांबायचो. संसारात एवढी एकवाक्यता पुन्हा झाली नाही. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे ती ढेंग लागत नाही. रॉयल कॅरिबियनने २०२२ मध्ये सगळ्या ताफ्यावर ते बसवायचं जाहीर केलं, इतरांनीही मग घेतलं. म्हणून हल्ली जहाजावर व्हिडिओ कॉल होतो. पण हजारो प्रवाशांत वाटून घ्यायचं असतं. रात्री जेवणानंतर सगळे केबिनमध्ये शिरले की रडतं, पहाटे पाचला उडतं.

कुणाच्या डोक्यात सॅटेलाइट फोन घेऊन जायचं येत असेल तर ते काढून टाका. भारतात परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियम बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडकाल.

फुकट_फौजदार | सायंकाळी ६.४०

सासूबाईंच्या साखरेसाठी सॅटेलाइट फोन! अहो चीफ, आम्ही इतके पण श्रीमंत नाही.

रेषेपलीकडे | रात्री ८.३०

मी डॉक्टर आहे म्हणून मध्ये बोलते. सगळे नेटवर्कबद्दल बोलताहेत आणि मूळ मुद्दा राहिलाय. ताई, इन्शुलिनचा डोस जहाजाच्या वायफायवर टांगून ठेवू नका. वायफाय चालेल, नाही चालेल, तुम्ही जेवायच्या रांगेत असाल. तुमच्या डॉक्टरांना भेटा, तुम्ही ज्या तक्त्यात बघून सांगता तोच मोठ्या अक्षरात लिहून घ्या, फ्रिजवर चिकटवा. किती आकड्याला किती युनिट, किती खाली गेलं तर इन्शुलिन द्यायचं नाही आणि आधी साखर-पाणी द्यायचं, आणि कुणाला फोन करायचा. बेन आणि भाचा दोघांकडून तुमच्यासमोर आठ दिवस करून घ्या. मग तुम्हाला येणारा आकडा फक्त तुमच्या समाधानासाठी राहील.

खारीवावची_सून | रात्री ९.०५

डॉक्टर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आलं होतं, पण बेनवर सोडायचं म्हणजे... असो. उद्याच डॉक्टरांची वेळ घेते.

बेन फोटो पाठवते कारण तिला टाइप करायचा कंटाळा आहे. मेसेजच्या हलक्या प्लॅनमध्ये फोटो येतील ना?

सुरसागर_काठ | रात्री ९.२०

तिथेच गोम आहे. काही जहाजांच्या हलक्या प्लॅनमध्ये फक्त अक्षरं जातात, फोटो आणि व्हॉइस मेसेज अडकतात. घेण्यापूर्वी बारीक अक्षरातलं वाचा. नाहीतर बेनला तीन आकडे टाइप करायला शिकवा. बीबीए करायचं नाहीये तिला.

मांजलपूरकर | रात्री ९.३१

+१. आणि निघायच्या आदल्या दिवशी ही कामं करून ठेवा, मी पैसे मोजून शिकलोय. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद. फोटोंचा बॅकअप बंद. ॲपचे अपडेट बंद. फॅमिली ग्रुपवरच्या 'सुप्रभात'च्या फुलांनी माझा पन्नास एमबी खाल्ला होता. बिल किती आलं ते वर सांगितलंच आहे. त्या हिशेबाने आत्याचा एक गुलाब मला एका सेव-उसळीच्या भावात पडला.

अलकापुरी_लोकल | रात्री ९.५०

ओटीपीचं कुणी बोललं नाही. एअरप्लेन मोडमध्ये एसएमएस येत नाही. कार्डाने काही महाग घ्यायचं असेल तर बंदरातच उरका, तिथे मूळ सिम चालू करून. परदेशात एसएमएस यायला सहसा पैसे पडत नाहीत, पण सिमवर रोमिंग सुरू हवं. समुद्रात असताना आलेले एसएमएस बंदरात एकदम येऊन पडतात, तोवर ओटीपीची मुदत संपलेली.

प्रीपेड सिमचा एक फायदा, चूक झालीच तर जेवढा बॅलन्स आहे तेवढाच जातो. पोस्टपेडला तळ नसतो.

लीलो_चिवडो | रात्री १०.०५

क्रिकेटचं काय? डिसेंबरात मॅच असणारच. ह्यांनी निवृत्त होऊन मॅच बघायची नाही तर काय करायचं?

कमाटीबाग | रात्री १०.१२

स्ट्रीमिंगचा प्लॅन वेगळा आणि महाग असतो. जहाजावरच्या बारमध्ये टीव्ही असतो. तिथे फुटबॉल चालू असतं, ही वेगळी गोष्ट.

वाकडी_वाट | रात्री १०.२५

आठ जणांनी जहाजातल्या जहाजात एकमेकांना शोधायचं कसं? आमचं निम्मं क्रूझ 'आई कुठंय' यात गेलं.

सुरसागर_काठ | रात्री १०.३३

हे फुकट आहे! बऱ्याच कंपन्यांचं स्वतःचं ॲप असतं, ते जहाजाच्या वायफायवर पैसे न भरता चालतं. रोजचे कार्यक्रम, जेवणाच्या वेळा त्यात दिसतात. काहींच्या ॲपमध्ये आपसात चॅट पण असतं. त्याचे कधी पैसे घेतात, कधी नाही. निघण्यापूर्वी ॲप उतरवून घ्या. आणि ज्येष्ठांसाठी सगळ्यात भरवशाचा उपाय, केबिनच्या दारावर चिकटवलेली चिठ्ठी.

फुकट_फौजदार | रात्री १०.४०

भाखरवडी न्यायला परवानगी आहे का? हाही महत्त्वाचा प्रश्न आहे.

लीलो_चिवडो | रात्री १०.४१

लीलो चिवडो तर नेलाच पाहिजे. नावाला जागायचं.

मांजलपूरकर | रात्री १०.५०

सीलबंद पाकीट असेल तर सहसा कुणी अडवत नाही. घरचं डब्यातलं मात्र काढून घेतात. आमचे ठेपले गेले. सिंगापूरला च्युइंगगम नेऊ नका.

*(यापुढे खाखरा, ठेपला आणि मेथीचं लोणचं यांवरचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)*

खारीवावची_सून | ६ जानेवारी, दुपारी ४.००

मंडळी, आलो बरं का! सगळ्यांचं ऋण फेडायला परत आले.

काय केलं ते सांगते. माझ्या एका फोनसाठी चार दिवसांचा हलका मेसेज-प्लॅन घरूनच घेतला. मी आणि मुलगा, दोघांनी प्रादेशिक ई-सिम. बाकी सहा जणांचे फोन जहाज सुटताना मुलाने एका ओळीत उभं करून स्वतःच्या हाताने एअरप्लेनवर टाकले. शाळेतल्या लसीसारखे.

तरी एक निसटलंच. वन्संच्या यजमानांनी नंतर 'टाइम बघायला' म्हणून मोड काढला. दुसऱ्या रात्री जेवताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी उचलला. पलीकडून मुलगी : "सर, पर्सनल लोन में इंटरेस्ट है?" त्यांनी सवयीने व्याजाचा दरही विचारला. रोमिंगसाठी पाचशे टाकले होते, चौतीस उरले. प्रीपेड होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं, अलकापुरी_लोकल यांचे आभार.

पेनांगला जहाज थेट जॉर्जटाऊनच्या स्वेटनहॅम पिअरला लागतं. तिथून चालत लिटल इंडिया. ई-सिम खाली उतरायच्या आधीच डेकवर लागलं होतं. तिथे चहा पीत सासूबाईंशी व्हिडिओवर बोललो, त्यांनी नातवाला विचारलं, "समुद्र कुठाय? मागे तर साडीचं दुकान दिसतंय."

फुकेतला गंमत झाली. ई-सिम थाई टॉवरला लागलं आणि फोनने घड्याळ एक तास मागे नेलं. जहाज मात्र सिंगापूरच्याच वेळेवर. ह्यांनी फोन बघून म्हटलं, अजून तास आहे. नशीब, सूनबाईच्या हातात साधं मनगटी घड्याळ होतं. छोट्या बोटीने जहाजावर परत जायचं होतं, शेवटच्याच्या आधीची बोट मिळाली. हे तुम्ही कुणी सांगितलं नव्हतंत!

मॅच ह्यांनी पाहिली नाही. स्कोअर मी दर तासाला मेसेजवर भाच्याकडून मागवून सांगत होते. म्हणे यात जास्त मजा आहे.

आणि मुख्य गोष्ट. डॉक्टर, तक्ता फ्रिजवर लागला. बेनने आठ दिवस माझ्यासमोर केलं, एकदाही चुकली नाही. मीच एकदा चुकीच्या रकान्यात बघितलं, तिने दाखवलं. आमच्या प्लॅनमध्ये फोटो येतच नव्हते, म्हणून तिला आकडे टाइप करायला शिकवले होते. पहिल्या सकाळी साडेनऊला, म्हणजे तुमच्या सातला, मी नाश्त्याची ताटली हातात घेऊन डेकवर उभी. मेसेज आला : "१४२. ६ युनिट आप्या. बाए चा पीधी." (६ युनिट दिले. बांनी चहा घेतला.) दुसऱ्या दिवशी : "१३१. बाने शीरो जोइए छे, ना पाडी." (बांना शिरा हवाय, नाही म्हटलं.)

फोटो आता बंदच झालेत. परवा मी म्हटलं, बेन, आता मी घरातच आहे, मीटर नुसतं दाखव. तरी स्वयंपाकघरातून माझ्या फोनवर मेसेज येतो.

रेषेपलीकडे | दुपारी ४.२०

शिऱ्याला नाही म्हटलं, तिचा पगार वाढवा.

निवृत्त_चीफ | सायंकाळी ६.००

घड्याळाची चूक माझी. जहाजाची वेळ आणि किनाऱ्याची वेळ वेगळी असू शकते हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. एकतीस वर्षं पाळलं, म्हणून सांगायचंच राहिलं.

भूमध्य_वारी | ११ जानेवारी, रात्री १०.१५

धागा वर काढतोय. मे महिन्यात ग्रीसची बेटं आणि तुर्कस्तानातलं कुशादासी असं क्रूझ आहे. युरोपचं ई-सिम घेतलं तर सगळीकडे चालेल ना?

सुरसागर_काठ | रात्री १०.४०

ग्रीसमध्ये चालेल. तुर्कस्तान युरोपीय संघात नाही, ते यादीत वेगळं बघा. आणि सामोससारख्या बेटावर समोरच तुर्कस्तानचा किनारा आहे, तिथे ग्रीसच्या जमिनीवर उभं राहूनसुद्धा फोन तुर्की टॉवरला चिकटतो. नेटवर्क हातानेच निवडा.

लीलो_चिवडो | रात्री १०.४४

दूधखुळा.